चाचणी ऐच्छिक; पण इच्छा कोणाची?

आम्ही शिकत होतो त्या तालुक्याच्या गावातील शाळेत वर्षातून एकदा सरकारी डॉक्टर येत. मुलांना रांगेत उभे करून भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावरील अक्षरे वाचावयास लावीत. आमच्या बाकावरील एका मुलास वरच्या दोन ओळींखालचे काही दिसत नसे. सलग तीन वर्षे त्याच्या नावापुढे ‘दृष्टी अधू’ असा शेरा पडला. तपासणी निर्दोष होती आणि शेरा लिहिणारा गृहस्थही प्रामाणिक होता. चष्मा मात्र कधीच आला नाही. चौथ्या वर्षी तो मुलगा शाळेतून नाहीसा झाला. मास्तरांच्या लेखी तो ‘ढ’ होता आणि सरकारच्या लेखी तो तपासलेला विद्यार्थी होता. या गोष्टीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला. आज शाळांतून डोळ्यांऐवजी मुलांची मने तपासण्याची भाषा सुरू झाली आहे, तेव्हा त्या मुलाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासंबंधी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा आणि गुणांच्या आधारे विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. संसद वा विधिमंडळ कायदा करीपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक राहतील. न्यायालयाने भर दिला तो समुपदेशकावर. परंतु समुपदेशक नेमावयाचा म्हणजे वेतन द्यावे लागते, आणि प्रश्नावली छापावयास जवळजवळ काहीच लागत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी पहिल्याच्या जागी दुसरीच अवतरण्याचा धोका आहे. इंग्रजीत जिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात ती ही प्राथमिक चाळणी: मुलाने झोप, भूक, उदासी, भीती यांविषयीच्या दहा-वीस प्रश्नांपुढे खुणा करावयाच्या, खुणांची बेरीज करावयाची आणि ठरावीक आकड्यावर गेलेल्या मुलास ‘संकटग्रस्त’ मानून पुढे पाठवावयाचे. ही चाचणी ऐच्छिक असेल, कोणावर सक्ती नाही, असे आश्वासन सोबत असतेच. या आश्वासनाचा अर्थ काय होतो, तो कोणत्या परिस्थितीत खरा ठरतो आणि कोणत्या परिस्थितीत केवळ कागदी राहतो, याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी केला पाहिजे. कारण उद्या गावातील पालक फॉर्म हातात घेऊन त्यांनाच विचारणार आहेत की, सही करावी काय?

प्रश्न किती मोठा आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातील, आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. त्याच वर्षी एनसीईआरटीने सुमारे पावणेचार लाख विद्यार्थ्यांची जी पाहणी केली, तीत ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल ही आपल्या चिंतेची कारणे सांगितली. त्या पाहणीत नाव लिहिणे विद्यार्थ्यांच्या मर्जीवर सोडले होते, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेव्हा हे शहरातील खुशालचेंडूंचे खूळ आहे, असे म्हणून हा विषय उडवून लावणे बेजबाबदारपणाचे होईल.

तितकाच निराधार असलेला दुसराही एक समज आहे. मुलांना जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारले तर नसलेला विचार त्यांच्या डोक्यात शिरेल, असे अनेक पालकांना व शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटते. न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील दोन हजार तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेला व २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या भीतीला आधार देत नाही. ज्यांना असे प्रश्न विचारले गेले त्यांची अस्वस्थता, न विचारलेल्यांच्या तुलनेत, वाढली नाही. आधीच खिन्न असलेल्यांचे दडपण तर उलट काहीसे हलके झाल्याचे दिसले. विचारण्याने अपाय होत नाही. अपाय होतो तो विचारून पाठ फिरविल्याने.

ही चाळणी मोठ्या प्रमाणावर वापरून पाहण्याचा अनुभव अमेरिकेच्या गाठीशी आहे. कोलंबिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड शॅफर व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून ‘टीनस्क्रीन’ नावाचा ऐच्छिक कार्यक्रम उभा राहिला आणि चाळीसहून अधिक राज्यांत पोचला. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या मानसिक आरोग्य आयोगाने २००३ च्या अहवालात त्याचा आदर्श म्हणून उल्लेख केला. कार्यक्रमाची रचना कागदावर विचारपूर्वक केलेली होती. पालकांची संमती, मुलाचा स्वतःचा होकार, दहा-पंधरा मिनिटांची प्रश्नावली आणि चाळणीत अडकलेल्या मुलाची तज्ज्ञाकडून प्रत्यक्ष मुलाखत, असा तिचा क्रम होता.

वाद उठला तो संमतीच्याच मुद्द्यावर. काही ठिकाणी पालकांकडे केवळ सूचनापत्र धाडले जाई आणि ‘नकार’ कळविला नाही म्हणजे होकार गृहीत धरला जाई. मौनास संमतीचे लक्षण मानण्याची ही रीत प्रशासनाला सोयीची असते, कारण तीत सहभागाचे आकडे फुगतात. इंडियाना राज्यातील एका शाळेत २००४ साली झालेल्या तपासणीनंतर, आमची लेखी संमती न घेता मुलीची चाचणी घेतली, अशी तक्रार करून पालकांनी फेडरल न्यायालयात धाव घेतली. त्याच २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यावरील औषधांच्या वेष्टनांवर, लहान वयात त्यांमुळे आत्महत्येचे विचार बळावू शकतात, असा ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. मग चाळणीमागे औषध कंपन्यांचा बाजार तर नाही ना, हा संशय वाढू लागला. तो सर्वस्वी खरा होता असे म्हणावयास आधार नाही. परंतु जेथे आरोग्य हाच व्यापार आहे, तेथे तपासणीलाही गिऱ्हाइकाच्या शोधाचा वास येतो. आज जगभर वापरात असलेली नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली एका बड्या औषध कंपनीच्या अनुदानातून तयार झाली, हे जगजाहीर आहे. ती उपयुक्त आहे आणि विनामूल्यही आहे; तथापि ज्याच्या पैशातून मोजपट्टी बनते त्याचे नाव मोजून घेणाऱ्यास कळले पाहिजे. ‘टीनस्क्रीन’ २०१२ साली बंद झाले. मूळ विचार मात्र टिकला. इलिनॉय राज्याने २०२५ साली कायदा करून २०२७-२८ पासून तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी अशी चाचणी देऊ करणे सरकारी शाळांवर बंधनकारक केले आहे. पालक नकार देऊ शकतात. न दिल्यास चाचणी होईल. फिरून मौनसंमती!

यापेक्षा महत्त्वाचा आहे तो चाळणीच्या अचूकतेचा हिशेब. शॅफर व सहकाऱ्यांनी २००४ साली स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांप्रमाणे, त्यांच्या प्रश्नावलीने खऱ्या संकटातील शंभरांपैकी ७५ मुले हेरली आणि संकटात नसलेल्या शंभरांपैकी ८३ मुलांना बरोबर वगळले. आकडे ऐकावयास भक्कम वाटतात. आता एक साधा हिशेब मांडू. समजा, एक हजार विद्यार्थ्यांपैकी ४० जण खरोखर गंभीर संकटात आहेत. त्यांतील ३० चाळणीत सापडतील, १० निसटतील. उरलेल्या ९६० निरोगी मुलांपैकी १७ टक्के, म्हणजे १६३ मुले, विनाकारण अडकतील. एकूण १९३ नावे पुढे येतील आणि त्यांत खरी संकटग्रस्त फक्त ३० असतील; म्हणजे सहा नावांमागे एक! स्वतः संशोधकांनीही हे प्रमाण १६ टक्के असेच दिले आहे. अडकलेल्या बाकीच्यांपैकी काहींना सौम्य त्रास असेलही. म्हणून ही चाळणी निरुपयोगी ठरत नाही. तिच्या पाठीमागे जाणत्या माणसाने शांतपणे ऐकून घेण्याची दुसरी पायरी हवीच, एवढे मात्र यातून निर्विवाद सिद्ध होते.

हाच हिशेब आपल्या एखाद्या तालुक्यास लावून पाहा. दहा हजार विद्यार्थी तपासले तर १,९३० नावे निघतील. एका समुपदेशकाने दिवसाकाठी पाच मुलांशी नीट बोलावयाचे ठरविले तर केवळ पहिल्या भेटीस ३८६ दिवस लागतील. शाळेच्या कामकाजाचे दिवस धरले तर जवळजवळ पावणेदोन वर्षे! ज्याला आज रात्रीचीच भीती वाटते त्या मुलाचा क्रम पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर लागावयाचा. हा झाला समुपदेशकाचा हिशेब. मानसोपचारतज्ज्ञांचे प्रमाण आपल्या देशात लाख लोकसंख्येमागे ०.७५ आहे, म्हणजे लाखामागे एकही नाही. आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. महाराष्ट्रातील जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. किनवटच्या किंवा धडगावच्या आईने मुलाला घेऊन कोठे जावे?

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली विल्सन व युंगनर या दोन तज्ज्ञांकडून कोणत्याही रोगाच्या सामुदायिक चाळणीसाठी दहा कसोट्या तयार करून घेतल्या. रोग महत्त्वाचा असावा, त्यावर मान्यताप्राप्त उपाय असावा, निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असावी आणि शोधण्याचे काम एकदाच उरकून न टाकता सतत चालावे, या त्यांतील प्रमुख कसोट्या आहेत. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक तज्ज्ञमंडळाने २००९ साली १२ ते १८ वयोगटासाठी नैराश्याच्या चाळणीची शिफारस केली, तीही अचूक निदान, मानसोपचार व पाठपुरावा यांची व्यवस्था असेल तरच, या अटीवर. आत्महत्येच्या धोक्यासाठी स्वतंत्र चाळणी घ्यावी की न घ्यावी हे ठरविण्याइतका पुरावा नाही, असे त्याच मंडळाने २०२२ साली नमूद केले. संपन्न देशातील तज्ज्ञ अट घालतात, आणि आपण मात्र फॉर्म छापून मोकळे व्हावयाचे, हे कसे चालेल?

आता ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे वळू. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द पाहिला की सावध होण्याची सवय लागलेली असते. दोन पक्षांनी राजीखुशीने केलेला करार न्याय्यच असला पाहिजे, असे आमची पाठ्यपुस्तके सांगत. मुकादमाकडून उचल घेऊन सहा महिन्यांसाठी स्वतःला बांधून घेणारा ऊसतोड कामगारही अंगठा राजीखुशीनेच उठवतो! पर्याय नसलेल्या माणसाच्या होकारास इच्छा म्हणणे ही भाषेची थट्टा होय. शाळेत तर एका बाजूस बाई, गुरुजी, मुख्याध्यापक आणि दुसऱ्या बाजूस तेरा वर्षांचे पोर असते. ‘उद्या सगळ्यांनी सही आणायची’ असे वर्गात सांगितले गेले की त्या सहीतील ऐच्छिकता संपली. आणि सही कोण करणार? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो आईबाप कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे उरलेल्या मुलाच्या फॉर्मवर आजीचा अंगठा उठतो, किंवा मूलच बापाची सही गिरवते. आश्रमशाळेतील मुलाचे पालक पाड्यावर असतात आणि त्यांची बोली फॉर्मच्या मराठीहून वेगळी असते. अशा कागदास संमतिपत्र म्हणावयाचे काय?

मूल ‘हो’ म्हणते तेव्हा त्याची किंमत कोण मोजते, हेही पाहिले पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. अशा समाजात ‘हिच्या डोक्यात काहीतरी आहे’ एवढी कुजबूज गावात पसरली तर मुलीची शाळा सुटावयास आणि घाईघाईने तिला उजवून टाकावयास किती दिवस लागतील? मुलाच्या बाबतीत धोका निराळा आहे. दहावीच्या निकालाची टक्केवारी हीच ज्या संस्थेची जाहिरात असते, तिला ‘अडचणीची’ मुले नववीतच गळालेली हवी असतात. अशा संस्थेच्या हाती संकटग्रस्तांची यादी देणे म्हणजे तिला सबब पुरविणे होय. शिवाय आता खासगी कंपन्या मोबाइलवरील तयार चाचण्या घेऊन शाळांच्या दारी येत आहेत. मुलाच्या मनातील भीतीचा आकडा एकदा कंपनीच्या संगणकात गेला की तो पुढे कोठे जाईल हे शाळा सांगू शकत नाही.

एक अडचण कायद्याचीही आहे, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने, अशा अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याचे बंधन घातले आहे. बंधन योग्यच आहे. परंतु ‘तू लिहिलेले कोणालाही कळणार नाही’ असे वचन देऊन प्रश्न विचारावयाचे आणि उत्तर आल्यावर ठाणे गाठावयाचे, हा मुलाचा विश्वासघात होईल. काय गुप्त राहील आणि काय सांगावेच लागेल, हे मुलाला लेखणी हाती घेण्यापूर्वी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. ते ऐकून मूल गप्प राहिले तर तोही त्याचा हक्क आहे. त्याचा विश्वास मिळविणे हे मग मोठ्यांचे काम ठरते.

आमचेच काही सहकारी याहून मूलगामी आक्षेप घेतील. प्रश्नावली विचारते की गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का. बापाच्या कर्जाचे व्याज किती झाले, पाणवठ्यावर जातीवरून कोणी हिणवले का, शाळेची एस. टी. बंद झाली का, हे ती विचारीत नाही. मग समाजाचे दुखणे मुलाच्या डोक्यात शोधण्याचा हा खटाटोप कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ज्या दिवशी समुपदेशक ‘मन शांत ठेव’ एवढेच सांगून विदर्भातील शेतकऱ्याच्या मुलाला परत पाठवील, त्या दिवशी आम्हीही तो घेऊ. परंतु या आक्षेपाचा निष्कर्ष ‘व्यवस्था बदलेपर्यंत थांबा’ असा काढणे अमानुष आहे. जमिनीचा व सिंचनाचा प्रश्न सुटेपर्यंत दुष्काळी कामे काढू नका, असे १९७२ च्या दुष्काळात आपण म्हटले नव्हते. आपण खडी फोडणाऱ्यांची संघटना केली, मजुरीसाठी मोर्चे काढले आणि त्याच लढ्यातून पुढचा हक्क मागितला. शिवाय सुस्थितीतील घरांतील मुलेही खचतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुःखाचे कारण बाहेर असले तरी ते भोगणारे मूल आज आपल्यासमोर उभे असते.

रोजगार हमीचा तो इतिहास येथे केवळ उपमा म्हणून आठवला नाही. मार्ग म्हणून आठवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारास आलेल्या आणि १९७७ साली कायद्याचे रूप मिळालेल्या या योजनेचे मर्म ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांत होते. कोणाला काम हवे हे अधिकाऱ्याने घरोघर शोधीत फिरावयाचे नव्हते. मागणाऱ्याने मागावयाचे आणि पंधरा दिवसांत काम देणे ही शासनाची जबाबदारी. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. भत्ता दिवसाला एक रुपया, म्हणजे नाममात्रच होता, पण कसूर कोणाची हे त्याने ठरविले. आणि या हमीमागे पैसा होता: १९७५ साली सुरू केलेला व्यवसाय कर शहरातील पगारदार तिच्यासाठीच भरू लागला. मागणाऱ्याची इच्छा, शासनाची मुदत आणि कराचा आधार, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच त्या ‘ऐच्छिक’ मागणीस हक्काचे मोल आले. मुलांच्या मनःस्वास्थ्याच्या बाबतीत आपली मागणीही याच धर्तीची असली पाहिजे.

जेथे प्रशिक्षित समुपदेशक ठरलेल्या वारी शाळेत येत नाही, तेथे चाचणी घेऊ नये, ही पहिली मागणी. मदत मागणाऱ्या प्रत्येक मुलाची भेट पंधरा दिवसांत झाली पाहिजे, आणि जिवाचा धोका दिसेल तेथे त्याच दिवशी. दुसरी मागणी संमतीची. ती लेखी असावी, पालकाच्या बोलीत समजावून घेतलेली असावी आणि मौन म्हणजे नकार मानावा. पालकांच्या सहीखेरीज मुलाचा स्वतःचा होकार वेगळा विचारावा, आणि नकाराचे कारण त्यास कोणी विचारू नये. तिसरी मागणी गुप्ततेची. भरलेली प्रश्नावली समुपदेशकापाशीच राहावी. मुख्याध्यापक, संस्थाचालक, शिक्षणाधिकारी वा कोणतीही कंपनी यांच्याकडे नावे जाऊ नयेत, वर जावेत ते केवळ एकत्रित आकडे. चौथी मागणी अशी की, प्रश्नावलीच्या गुणांस निदान समजू नये. डॉक्टरने मुलाला प्रत्यक्ष तपासल्यावाचून त्याच्या हाती एकही गोळी पडता कामा नये. आणि पाचवी, आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: ज्याने चाचणी दिली नाही त्याच्यासाठीही समुपदेशकाचे दार उघडे असावे. ‘मागेल त्याला आधार’ हे तत्त्व मान्य झाले तर चाळणी हे त्या दारापर्यंत पोचण्याच्या अनेक वाटांपैकी एक वाट ठरेल.

हे सर्व मागण्यास कायद्याचा आधार आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ ने शासकीय खर्चाने चालणाऱ्या मानसिक आरोग्यसेवेचा हक्क प्रत्येक व्यक्तीस दिला आहे. कलम ३१ ने तर लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्यतज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्यासाठी शासनास दहा वर्षांची मुदत घालून दिली आहे. कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. म्हणजे ही मुदत २०२८ च्या मे महिन्यात संपते. किती जिल्ह्यांत किती तज्ज्ञ नेमले, हा प्रश्न विधिमंडळात विचारण्याची वेळ हीच आहे. यंत्रणेचा सांगाडाही अगदीच नाही असे नव्हे. बालकांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला आणि त्याची पथके शाळांत जातात. २०१४ च्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य हा एक आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, आणि तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. परंतु ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात आहे, त्या घरातील मुलीला दूरध्वनी पुरत नाही. तिला शाळेत समोर बसलेले माणूस लागते. त्या माणसाचे वेतन शाळेच्या वेतन अनुदानातून मिळाले पाहिजे. ते अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेले असेल तर मूल त्याच्यापाशी मन उघडे करीपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल.

कार्यकर्त्यांसाठी काम येथूनच सुरू होते. प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. माध्यमिक शाळांत पालक-शिक्षक संघ आहेत. त्या बैठकांना जावे. फॉर्म आला तर तो फाडू नये आणि डोळे मिटून सहीही करू नये. तीन प्रश्न विचारावेत: नाव निघालेल्या मुलाला कोण, कोठे आणि किती दिवसांत भेटणार? हा कागद कोणाच्या कपाटात राहणार? आणि आमच्या मुलाने नको म्हटले तर त्याचे काय होणार? उत्तरे समाधानकारक असतील तर पालकांना धीर द्यावा, सही करण्यास सांगावे, मनाचे दुखणे हे लाजेचे नसते हे पटवावे. उत्तरे नसतील तर ती मिळेपर्यंत तालुक्याच्या कचेरीत ठिय्या द्यावा.

आमच्या बाकावरच्या त्या मुलास डोळे तपासून घेणे नामंजूर नव्हते. दरवर्षी तो मुकाट्याने रांगेत उभा राही, कारण यंदा तरी चष्मा येईल असे त्याला वाटे. चौथ्या वर्षी तो रांगेत आला नाही, आणि तपासणी सक्तीची नसल्यामुळे कोणी त्याची चौकशीही केली नाही.